विज्ञान खातं आपलं काय लागतं?

मी तुमच्या बचत गटांची सहयोगिनी बोलतेय.

मागच्या महिन्यात एका गटाची बैठक होती. कर्जफेडीचा हिशोब झाला, इतिवृत्तावर सह्या झाल्या आणि मी नेहमीप्रमाणे विचारलं, "पुढच्या वेळी कशाची माहिती आणू?" कोपऱ्यातून एक मावशी म्हणाल्या, "ताई, महसूल खातं कळतं, आरोग्य खातं कळतं. पण ते दिल्लीचं विज्ञान खातं आपलं काय लागतं?" सगळ्या हसल्या. मला मात्र उत्तर देता येईना. बी.ए.ला राज्यशास्त्र होतं माझं, पण या खात्याबद्दल मलाही फारसं सांगता आलं नाही. म्हणून वाचलं, विचारलं, आणि आज ते तुमच्यापुढे मांडते.

आधी आपल्या डाव्या हाताचं बोट आठवा. मतदानाला गेलं की त्यावर शाई लावतात. भांडी घासून, शेण-पाणी करून सुद्धा ती कितीतरी दिवस जात नाही. ही शाई दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत तयार झाली. तिच्यात चांदीचा क्षार असतो, उजेड लागला की तो कातडीवर काळा पडून बसतो. १९६२ च्या सार्वत्रिक निवडणुकीपासून ती वापरात आहे आणि म्हैसूरच्या सरकारी कारखान्यात बनते. ती प्रयोगशाळा याच विज्ञान खात्याच्या घरातली. म्हणजे बायांनो, हे खातं आपल्या बोटाला लागून कितीदा गेलंय, आपल्याला पत्ताच नाही!

आता हे घर उभं कसं राहिलं ते बघू. सुरुवात इंग्रजांच्या काळातली. दुसरं महायुद्ध चालू होतं, बाहेरून माल येणं अवघड झालं होतं. अशा वेळी २६ सप्टेंबर १९४२ ला वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषद स्थापन झाली. तिलाच सीएसआयआर म्हणतात. शास्त्रज्ञ शांतिस्वरूप भटनागर तिचे पहिले प्रमुख. स्वातंत्र्यानंतर पंडित नेहरूंनी या कामात जातीनं लक्ष घातलं. देशात ठिकठिकाणी प्रयोगशाळा निघाल्या. आपल्या पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा १९५० ची. १९५१ ला नैसर्गिक संपत्ती आणि वैज्ञानिक संशोधन असं मंत्रालय झालं. मार्च १९५८ मध्ये सरकारनं विज्ञान धोरणाचा ठराव केला. विज्ञानाचा लाभ देशातल्या सगळ्या लोकांपर्यंत पोचला पाहिजे, असा त्याचा आशय.

पुढे मे १९७१ मध्ये विज्ञान व तंत्रज्ञान विभाग सुरू झाला. आज विज्ञान व तंत्रज्ञान मंत्रालयात तीन विभाग आहेत. एकत्र कुटुंबातल्या तीन जावाच म्हणा, प्रत्येकीचं काम वेगळं.

थोरली जाऊ म्हणजे हा १९७१ चा विभाग. संशोधनाला पैसा देणं, धोरण ठरवणं, शास्त्रज्ञ घडवणं हे तिचं काम. २८ फेब्रुवारीला आपल्या शाळेत विज्ञान दिन होतो ना? तो १९८७ पासून सुरू झाला. तेव्हा या विभागाचे सचिव आपले मराठी शास्त्रज्ञ वसंत गोवारीकर होते. नववी ते बारावीच्या मुलींसाठी 'विज्ञान ज्योती' आणि शाळकरी पोरांच्या नव्या कल्पनांना पैसे देणारी 'इन्स्पायर मानक' या योजनाही इथल्याच. मुलीच्या विज्ञान शिक्षकांना यांची नावं घेऊन विचारा.

मधली जाऊ १९८५ ची. तिच्याकडे सीएसआयआर आणि तिच्या प्रयोगशाळा. धाकटी १९८६ ची, जैवतंत्रज्ञान विभाग. लहान बाळांना जुलाबापासून वाचवणाऱ्या रोटाव्हॅक या देशी लसीच्या संशोधनाला तिनं मदत केली.

एक घोटाळा मात्र टाळा. शेतीचं संशोधन कृषी मंत्रालयाकडे, पावसाचा अंदाज पृथ्वी विज्ञान मंत्रालयाकडे आणि रॉकेटचं काम अवकाश विभागाकडे असतं. सगळं विज्ञान एकाच खात्यात नाही.

आता आपल्या घरातल्या तीन गोष्टी सांगते.

पहिली, हळद. जखम झाली की आपण हळद दाबतो. १९९५ मध्ये अमेरिकेत हळदीच्या याच गुणाचं पेटंट एका विद्यापीठाला मिळालं, म्हणजे जणू हा शोध त्यांचाच! सीएसआयआरनं हरकत घेतली. तेव्हा तिचे प्रमुख डॉ. रघुनाथ माशेलकर होते, गोव्यातल्या माशेलचे, गरिबीत आईनं कष्टानं शिकवलेले. पण "आमच्या आज्या हळद लावायच्या" एवढं सांगून भागलं नाही. जुने ग्रंथ, छापील लेख असे लेखी पुरावे द्यावे लागले. १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झालं. पुढे आपल्या परंपरेतल्या औषधी ज्ञानाची मोठी नोंदवहीच या परिषदेनं आयुष विभागाबरोबर संगणकावर तयार केली. गटात मी इतिवृत्त लिहा म्हणून मागं लागते, तेव्हा तुम्हाला कंटाळा येतो. पण लिहिलेलं असलं तरच हक्क सांगता येतो, हे हळदीनंसुद्धा शिकवलं.

दुसरी, छाया गोळी. आशाताई पाळणा लांबवण्यासाठी देतात ती. हे औषध लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत आपल्या शास्त्रज्ञांनी शोधलं. ही संस्थाही सीएसआयआरचीच. बाजारात ते 'सहेली' नावानं आलं आणि २०१७ पासून सरकारी दवाखान्यातून 'छाया' नावानं फुकट मिळू लागलं. त्यात संप्रेरकं, म्हणजे हार्मोन, नाहीत. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, नंतर आठवड्यातून एकदा घ्यायची. अंगावर पाजणाऱ्या आईलाही ती चालते. सुरुवातीला काही जणींची पाळी पुढे जाते, आणि तिथेच घोळ होतो. एका गटातल्या वहिनींनी "या गोळीनं पिशवी वाळते" असं कुणाचंतरी ऐकून गोळी बंद केली. नर्सताईंना विचारलंच नाही. दोन लेकरांवर तिसरं राहिलं, नको असताना. बाळ गोड आहे, पण वहिनींची तब्येत ढासळली ती ढासळलीच. म्हणून सांगते, गर्भपिशवीचा किंवा यकृताचा आजार असेल तर गोळी सुरू करण्याआधी डॉक्टरांना दाखवा. शंका आली तर नर्सताईंना विचारा. ऐकीव गोष्टीवर गोळी सुरूही करू नका आणि बंदही करू नका. आपल्या राज्यघटनेत १९७६ मध्ये नागरिकांची कर्तव्यं घातली, त्यात वैज्ञानिक दृष्टी बाळगणं हेही एक आहे. वैज्ञानिक दृष्टी म्हणजे मोठं काही नाही. "हे कशावरून?" असं विचारायची सवय.

तिसरी गोष्ट, घराची सनद. गावठाणात ड्रोन उडाला होता, त्याआधी घरांच्या हद्दीवर चुना टाकला होता, आठवतं? ते मोजमाप भारतीय सर्वेक्षण विभागाचं. १७६७ पासूनचं हे जुनं कार्यालय आज आपल्या थोरल्या जावेकडे, विज्ञान व तंत्रज्ञान विभागाकडे आहे. २०२० मध्ये देशभर सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत पंचायती राज मंत्रालय, राज्याचा भूमी अभिलेख विभाग आणि हे सर्वेक्षणवाले मिळून काम करतात. आधीचा प्रयोग आपल्याच पुणे जिल्ह्यात, पुरंदर तालुक्यातल्या सोनोरी गावात झाला होता.

ड्रोन घराची भिंत अगदी काही सेंटिमीटरच्या हिशोबानं मोजतो. पण त्या भिंतीआड कुणाचा जन्म गेला, हे त्याला दिसत नाही. सनदेवर नाव कुणाचं, हे जमिनीवरच्या चौकशीत ठरतं आणि तिथे ग्रामपंचायतीच्या नमुना ८ ची नोंद बघतात. आपल्या राज्यात नमुना ८ वर नवरा-बायको दोघांचं नाव लावता येतं. मी त्या बैठकीत विचारलं, "कुणाकुणाचं नाव आहे?" बारा जणींत तिघींनी हात वर केले. त्यातल्या दोघी विधवा होत्या. नवरा गेल्यावरच नाव लागलं.

मग कुणी हसलं नाही. प्रश्न विचारणाऱ्या मावशीच म्हणाल्या, "म्हणजे खात्यानं घर मोजून दिलं, पण नाव आपल्यालाच लावून घ्यायचंय."

बरोबर बोलल्या मावशी. प्रयोगशाळेनं गोळी शोधली, पण विचारून घ्यायची ती आपण. परिषदेनं हळद सोडवली, पण आपलं इतिवृत्त लिहायचं आपणच. खात्याचं काम उंबऱ्यापर्यंत येतं, उंबऱ्याच्या आतलं आपल्याकडे.

तर पुढच्या बैठकीला प्रत्येकीनं घराच्या नमुना ८ चा उतारा घेऊन यायचा. ज्यांचं नाव नसेल त्यांचे अर्ज आपण तिथेच बसून लिहू. अर्जावर नवऱ्याचीही सही लागेल, तेव्हा घरी आधी बोलून ठेवा, भांडून नव्हे, समजावून. आणि ग्रामसेवकांकडे एकटीनं जायचं नाही, सगळ्या मिळून जायचं. पोच घ्यायला विसरायचं नाही.

येते मैत्रिणींनो. नमस्कार.