इंजिन बदललं, मीटरचं काय?

जुन्या गाडीत दुसऱ्याच गाडीचं इंजिन बसवण्याचा अमेरिकनांचा छंद जुनाच. पण 1997च्या कॉर्व्हेटमधून जनरल मोटर्सने ‘एलएस’ घराण्याचं पहिलं इंजिन आणलं आणि या छंदाला ऊत आला. अपघातात गेलेल्या पिकअपचं व्ही-8 भंगारातून उचलायचं आणि चिमुकल्या माझदा मियाटातही कोंबायचं! माउंट, पाइप, गिअरबॉक्स ही लोखंडाची कामं हौशी माणूसही निभावून नेतो. घोडं पेंड खातं ते डॅशबोर्डपाशी. इंजिन झकास चालतंय आणि मीटरचे काटे मात्र ढिम्म.

कारण हल्लीचा काटा स्वतः काही मोजतच नाही. पूर्वी गिअरबॉक्समधून निघालेली केबल स्पीडोमीटरचा काटा फिरवायची. आता काट्यामागे इवलीशी स्टेपर मोटर असते आणि तारेवरून येणारा आकडा ती दाखवते. हे आकडे धाडण्याच्या पद्धतीही कंपनीगणिक वेगळ्या होत्या. जीएमची सेकंदाला 10,400 बिटची, फोर्डची 41,600ची. बॉशने 1986 साली डेट्रॉइटमध्ये मांडलेली ‘कॅन’ पद्धत अमेरिकेत 2008च्या मॉडेलपासून तपासणीच्या सॉकेटसाठी सक्तीची झाली. तरी घोळ मिटला नाही, कारण कुठल्या क्रमांकाच्या संदेशात आरपीएम आणि कुठल्यात तापमान, हे जो तो उत्पादक आपापलं ठरवतो.

आरपीएमचंच पाहा. आठ सिलिंडरच्या फोर-स्ट्रोक इंजिनात एका फेऱ्यात चार ठिणग्या पडतात. जुना टॅकोमीटर त्या चार ठोक्यांचा एक फेरा धरतो. सुरुवातीच्या एलएस इंजिनांचा कॉम्प्युटर मात्र मीटरला फेऱ्यामागे दोनच ठोके देतो, म्हणजे इंजिन 3000वर आणि काटा 1500वर! शिवाय तो सिग्नल जुन्या मीटरला पुरेसा जोरकसही नसतो. मग त्या तारेपासून 12 व्होल्टच्या तारेपर्यंत एक रेझिस्टर जोडायचा आणि लॅपटॉप लावून कॉम्प्युटरमधला ठोक्यांचा आकडा बदलायचा. काम दहा रुपयांचं, डोकेफोड दहा दिवसांची. फोक्सवॅगनवाल्यांचं दुखणं याहून अवघड. 2000 सालानंतरच्या कित्येक मॉडेलांत चोरीविरोधी कुलूपच मीटरमध्ये आहे. मीटर आणि इंजिनचा कॉम्प्युटर यांची ओळख पटली नाही, तर इंजिन सुरू होतं आणि क्षणात बंद पडतं.

अशा वेळी मीटर खोलून टेबलावर घ्यावं लागतं. आत आठ पायांची मेमरी चिप असते. तिला चिमटा लावून आतला मजकूर लॅपटॉपवर उतरवतात, हवे ते आकडे बदलतात आणि परत भरतात. हे करायची मुभा आहे का, हा प्रश्न गेला चक्क लायब्ररी ऑफ काँग्रेसकडे! 1998च्या कॉपीराइट कायद्याने सॉफ्टवेअरचं कुलूप तोडायला बंदी केली होती. मोटार कंपन्यांचा विरोध असूनही 2015 साली या ग्रंथालयाने गाडीमालकाला दुरुस्ती आणि कायदेशीर फेरफार यांपुरती सूट दिली.

कायदेशीर फेरफार म्हणजे काय, याबाबत कॅलिफोर्निया भलतंच काटेकोर. बसवलेलं इंजिन गाडीच्या सालाचं किंवा त्यानंतरचं हवं आणि प्रदूषण रोखणारी त्याची सगळी यंत्रणा सोबत हवी. ‘रेफरी’ नावाचा तपासनीस गाडी तपासतो, त्यात ‘चेक इंजिन’चा दिवाही पाहतो. किल्ली फिरवल्यावर तो लागलाच नाही, तर गाडी नापास.

आणि खरी मेख पुढेच आहे. बऱ्याच मीटरांत त्याच चिपमध्ये गाडी किती मैल चालली हेही साठवलेलं असतं. चिपमधले बाकीचे आकडे बदलणाऱ्या हाताला मैल बदलणंही अवघड नाही. आपल्याकडे आरसीवर इंजिन नंबर असतो, किलोमीटर नसतात.  अमेरिकेत मात्र गाडी विकताना मालकीच्या कागदावर मैल लिहून द्यावे लागतात. 2011 आणि त्यानंतरच्या मॉडेलांना हे वीस वर्षं लागू आहे. फसवायच्या हेतूने मैल मागे फिरवणाऱ्याला 1972च्या कायद्याखाली तुरुंगवासही होऊ शकतो. तरी हा धंदा थांबलेला नाही. तिथल्या रस्ता सुरक्षा खात्याच्या अंदाजाने वर्षाला साडेचार लाखांहून जास्त गाड्या खोट्या मैलांवर विकल्या जातात.

इंजिन बदलणाऱ्या प्रामाणिक माणसासाठी कायद्यात वाट आहे. मैल मोजायचे ते गाडीचे, इंजिनचे नव्हेत. दुसऱ्या गाडीचं मीटर बसवलं, तर त्यात आपल्या गाडीचे मैल भरायचे. ते जमलं नाही, तर आकडा शून्यावर आणायचा आणि डाव्या दाराच्या चौकटीवर आधीचे मैल आणि बदलाची तारीख लिहून चिकटवायची. पुढे विकताना ‘हे खरे मैल नव्हेत’ या चौकोनात खूण करावी लागते. अशा गाडीचं गिऱ्हाईक भाव पाडून मागतंच, मग बॉनेटखाली कितीही देखणं इंजिन असो.