दातातले ‘सिमेंट’ पेशींना घातक असते का?

‘दातात भरलेले केमिकल अंगात भिनते का?’ अर्धापूर परिसरातल्या रुग्णांकडून हा प्रश्न अधूनमधून येतो. काही जण याच भीतीपोटी किडका दात तसाच ठेवतात.

दाताच्या रंगाचे सिमेंट म्हणजे कंपोझिट. ते दाताला आपोआप चिकटत नाही. सौम्य आम्लाने दाताचे कवच किंचित खरबरीत केले, की अशा पदार्थाला पकड मिळते, हे मायकल ब्युओनोकोर यांनी 1955 मध्ये दाखवले. आज कंपोझिटखाली बाँडिंगचा पातळ थर लावतात. त्यात ‘हेमा’सारखी सुटी रसायने, म्हणजे मोनोमर असतात. निळ्या प्रकाशाने ती एकमेकांत गुंफून घट्ट होतात. काही अंश मात्र सुटा राहतो आणि मुख्यतः पहिल्या काही दिवसांत पाझरतो.

प्रयोगशाळेत मोनोमरचे प्रमाण वाढवले, की पेशींचे रक्षण करणारे ग्लुटाथिऑन घटते आणि पेशी मरतात. पण तिथे पेशी थेट रसायनात असतात. तोंडात मध्ये डेंटिनची भिंत असते. कीड खोल गेली, की ही भिंत पातळ होते आणि रसायन तिच्यातील सूक्ष्म नलिकांतून दाताच्या नसेपर्यंत पोहोचू शकते. म्हणूनच नसेजवळच्या खड्ड्यात दंतवैद्य आधी कॅल्शियम हायड्रॉक्साइडसारखे संरक्षक अस्तर घालतात.

अशा भरणामुळे माणसाला कर्करोग होतो, असा पुरावा नाही. अ‍ॅलर्जी मात्र काहींना होते. त्यात रोज ही रसायने हाताळणारे दंतवैद्य अधिक, कारण मोनोमर साध्या हातमोज्यांतूनही आरपार जातो.

म्हणजे सुरक्षितता केवळ ट्यूबमधल्या पदार्थावर ठरत नाही. दात कोरडा ठेवणे, पातळ थर देणे, प्रत्येक थराला पुरेसा वेळ प्रकाश देणे यावरही ती ठरते. म्हणून खुर्चीवर घाई करू नका. रस्त्याकडेला बसून झटपट दात बसवणाऱ्यांकडे तर जाऊच नका. तिथे अ‍ॅक्रिलिक थेट हिरडीवर घट्ट होऊ देतात. त्यातला सुटा मोनोमर आणि घट्ट होताना निर्माण होणारी उष्णता हिरडीला भाजते.

नेलपॉलिश-जेल किंवा कृत्रिम नखांनी खाज सुटत असेल, तर दंतवैद्यांना आधी सांगा. दात भरल्यावर थोडी सणक काही दिवसांत जाते. ठणका वाढला, रात्री झोपमोड झाली किंवा हिरडी लाल झाली, तर लगेच दाखवा. नीट भरलेल्या दातापेक्षा न भरलेली कीडच नसेला कितीतरी जास्त घातक असते.