खड्डे बोलले, ग्रंथ चुकले

ग्रीक भूगोलकार स्त्राबो लिहून गेला आहे की गॉलच्या, म्हणजे आजच्या फ्रान्सच्या, नैऋत्येला, तार्बेल्ली जमातीच्या मुलखात, थोडं उकरलं तरी ओंजळभर सोन्याचे पत्रे लागतात आणि ते फारसे गाळावेही लागत नाहीत. ग्रीक इतिहासकार दिओदोरसच्या मते तर गॉलच्या नद्याच डोंगर पोखरून सोनं आणून टाकतात. ही वर्णनं पंडितांनी पिढ्यान्‌पिढ्या चवीनं वाचली. केल्टांच्या मोठ्या खाणी निघाल्या मात्र दुसरीकडे, लिमुझँ प्रांतात. तिथल्या लेमोविकेस जमातीचं नाव स्त्राबो घेतो, शेजारच्या पेट्रोकोरींच्या लोखंडाची वाखाणणीही करतो. लेमोविकेसच्या सोन्याबद्दल अवाक्षर नाही!

या खाणींचे खड्डे गावकऱ्यांच्या डोळ्यांसमोरच होते. चेस्टनटच्या रानात लांबट खोलगा, तळाशी साचलेलं पाणी, काठावर उपशाचा उंचवटा आणि त्यात पांढऱ्या गारगोटीचे तुकडे. 1866 मध्ये खाण-अभियंता मालार यानं ही जुनी खोदकामं आहेत हे ओळखलं, पण तो होता कथलाच्या मागावर. खरं तर गावांची नावं केव्हाची ओरडून सांगत होती. लोरिएर, ऑरिएर... सगळ्यांच्या मुळाशी लॅटिन 'ऑरम', म्हणजे सोनं.

बाकीचं भूशास्त्रानं उलगडलं. खडकांत सुमारे तीस कोटी वर्षांपूर्वीच्या गारगोटीच्या शिरा आहेत. त्यांतलं बरंचसं सोनं सोमलयुक्त आर्सेनोपायराइटमध्ये अडकलेलं, नुसत्या डोळ्यांना न दिसणारं. पृष्ठभागाजवळ मात्र हे खनिज हवापाण्यानं कुजतं आणि सोनं मोकळं होतं. केल्टांनी तिथून सुरुवात केली आणि शिरेचा पाठलाग करत ते खाली उतरले. खडक फोडायचा, कुटायचा, दळायचा, धुवायचा. किती हात लागले असतील!

विसाव्या शतकात ल शातले, मग ल बूर्ने इथे नव्या खाणी निघाल्या आणि तिथेही जुन्या खड्ड्यांनीच दिशा दाखवली. 1980 नंतर पुरातत्त्वज्ञ बेआत्रिस कोव्ये यांनी ल बूर्नेच्या परिसरात, नवी खाण पसरण्याआधी, उत्खनन केलं. बोगद्यांना दिलेले लाकडी टेकू पाण्यामुळे टिकून होते. काळ निघाला इ.स.पू. पाचवं ते पहिलं शतक. लिमुझँमध्ये अशा खाणी अडीचशेच्या आसपास मोजल्या गेल्या. स्त्राबोला त्या दिसल्या नाहीत, यात त्याचा तरी काय दोष? त्यानं लेखणी हाती घेतली तेव्हा त्या ओस पडल्या होत्या.

सीझरनं गॉलमधून इतकं सोनं लुटून नेलं की इटलीत ते पौंडाला तीन हजार सेस्टर्स या रोमन नाण्यांना विकावं लागलं, असं त्याचा रोमन चरित्रकार स्वेतोनियस नोंदवतो. तरीही, स्त्राबोप्रमाणेच, खुद्द सीझरच्या युद्धवृत्तान्तात गॉलच्या सोन्याच्या खाणी कुठेच येत नाहीत.