बटव्यात पहिला मान हिरड्याचा

घरगुती औषधांचा बटवा करायचा म्हटला की लोक उत्साहाच्या भरात वीस-पंचवीस जिनसांची यादी घेऊन काष्ठौषधींच्या दुकानात शिरतात. वर्षभरात निम्म्या पुड्यांना कीड लागते आणि उरलेल्या कशाच्या हे कुणाला आठवत नाही. माझ्या मते सुरुवातीला पाच जिन्नस पुरेत : हिरडा, सुंठ, ओवा, ज्येष्ठमध आणि हळकुंड. गॅलरीत ऊन येत असेल तर तुळस, गवती चहा आणि अडुळशाच्या कुंड्या. पाचांतही पहिला मान हिरड्याचा. माझा हा पक्षपात घरात सर्वांना ठाऊक आहे.

इतिहास एका दमात उरकतो. चरक-सुश्रुतांनी वर्णिलेली, सोळाव्या शतकातल्या भावप्रकाशाने गुणदोषांसह नोंदवलेली ही द्रव्ये वैद्यांकडून माजघरात आली आणि आजीबाईंनी सांभाळली. आता हिरड्याकडे वळू.

दुकानात ‘हिरडा द्या’ एवढेच म्हटले तर दुकानदार विचारतो, “बाळहिरडा की सुरवारी?” बाळहिरडा म्हणजे बी धरण्याआधीच उतरवून वाळवलेले कोवळे फळ : काळे, सुरकुतलेले, मनुकेएवढे, पण दाताने फुटायचे नाही. सुरवारी म्हणजे पूर्ण वाढलेले, पिवळसर-तपकिरी, अंगावर उभ्या धारा असलेले मोठे फळ. त्याची आतली आठळी टाकायची, टरफल वापरायचे. पारख जुन्या ग्रंथांतच आहे : जो पाण्यात बुडतो तो उत्तम. मी घरी आणल्याबरोबर वाटीभर पाण्यात दोन-चार फळे टाकून पाहतो. तरंगणारा हिरडा बहुधा आतून पोखरलेला निघतो.

हा बाळहिरडा येतो कुठून ते पाहायला मी उन्हाळ्यात भीमाशंकरच्या बाजूला गेलो होतो. आंबेगाव, जुन्नरच्या डोंगरी गावांतली महादेव कोळी कुटुंबे झाडावर चढून फांद्या झोडपतात, खाली पडलेली फळे वेचतात आणि अंगणात पसरतात. हिरवी फळे उन्हात काळी पडत जातात आणि सगळ्या अंगणाला तुरट वास येतो. भातशेतीच्या पुढच्या खर्चाची सोय या वाळलेल्या हिरड्यावर होते. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात इथल्या हिरड्याचे मोठे नुकसान झाले आणि भरपाईसाठी या लोकांना आंदोलने करावी लागली. आपण दुकानात दोन-पाच रुपयांसाठी घासाघीस करतो, तेव्हा मला ते अंगण आठवते.

थोडे विषयांतर. हिरड्यातले टॅनिन लोखंडाला भेटले की काळेभोर होते. म्हणूनच पोथ्यांची शाई हिरडा आणि हिराकस घालून होई. श्रीकाळहस्तीच्या कलमकारीचे कापड आजही रंगवण्याआधी हिरडा आणि म्हशीच्या दुधात बुडवून घेतात.

वापर सोपा आहे. बाळहिरडा एरंडेलात किंवा तुपात मंद आचेवर परतला की टम्म फुगतो. मग तो सहज कुटला जातो. पोट साफ होत नसेल तर रात्री पाव ते अर्धा लहान चमचा चूर्ण कोमट पाण्याबरोबर. ऋतूनुसार जोड बदलण्याची पद्धत मला फार देखणी वाटते : पावसाळ्यात सैंधव, शरदात साखर, हेमंतात सुंठ, शिशिरात पिंपळी, वसंतात मध, ग्रीष्मात गूळ. शरद सरत आला की साखर थोडीच आणा, सुंठ तयार ठेवा. गरोदर बाई आणि अशक्त, उपाशी माणूस यांना मात्र हिरडा द्यायचा नाही, हे जुनेच पथ्य आहे.

बाकीचे चार पटकन. सुंठ मोडून पाहावी, आत भोके नकोत. ओवा तळहातावर चुरडला की वास नाकात गेला पाहिजे, तो थायमॉलचा. ज्येष्ठमधाची काडी घशासाठी छान, पण रक्तदाब असलेल्यांनी ती रोज चघळू नये, दाब वाढतो. हळद-दुधाचे तुम्हाला ठाऊकच आहे. कुंडीतल्या अडुळशाबद्दल एवढेच की, त्यातल्या व्हॅसिसिनवरूनच खोकल्याचे ब्रोमहेक्सिन तयार झाले.

बाळगुटीबद्दल हमखास विचारतात. मुरुडशेंग, मायफळ, काकडशिंगी उगाळलेली सहाण मलाही प्रिय आहे. मायफळ आणि काकडशिंगी ही फळे नसून किड्यांमुळे झाडावर आलेल्या गाठी आहेत, हे कळले तेव्हा मी आठवडाभर भेटेल त्याला सांगत होतो. पण सहा महिन्यांपर्यंत बाळाला आईच्या दुधाशिवाय काही नको आणि वर्षाच्या आत मध तर मुळीच नको, असे बालरोगतज्ज्ञ सांगतात. त्यापुढे माझी हौस गप्प बसते. वेखंडही मी यादीत धरले नाही. त्यातल्या बीटा-अ‍ॅसारोनमुळे अमेरिकेने १९६८ मध्ये ते खाद्यपदार्थांत वापरायला बंदी घातली.

सगळे जिन्नस सबंध घ्यावेत. चूर्णाचे वीर्य दोन महिन्यांनी उतरते असे शार्ङ्गधर सांगतो. सबंध हिरडा कोरड्या बरणीत वर्षभर सहज टिकतो. बरणी शेगडीजवळ ठेवू नका, नाव आणि महिना चिठ्ठीवर लिहा. खलबत्ता दगडी असू द्या. लोखंडी घेतलात तर चूर्णाऐवजी शाईच व्हायची.