स्वभावाला औषध नाहीं काय ?

शाळेंत असतां प्रत्येक गुरुजनास आपलें नांव ठाऊक असतें. महाविद्यालयांत पाऊल पडतांच त्या नांवाचा केवळ हजेरीक्रमांक होतो. या नव्या जगांत एखादा विद्यार्थी आठ दिवसांत दहा मित्र जोडतो. दुसरा शेवटच्या बाकावर बसून राहतो आणि घरीं मात्र ‘मी खुशाल आहे’ एवढेंच कळवितो. त्याच्याविषयीं लोक सहज म्हणतात, ‘त्याचा स्वभावच तसा, आणि स्वभावाला औषध नाहीं!’ ही म्हण कितपत खरी आहे, याचा थोडा विचार करण्याचें आम्हीं येथें योजिलें आहे.

मानसशास्त्रज्ञ मनुष्यस्वभावाचीं मुख्यतः पांच अंगें मानतात : जिज्ञासा, कर्तव्यदक्षता, बहिर्मुखता, सौजन्य आणि चिंताशीलता. उंचीप्रमाणें हीं अंगें कोणांत अधिक, कोणांत उणीं असतात. मुळींच नाहींत असें होत नाहीं. म्हणून अबोल असणें हा दोष नव्हे, आणि रोग तर नव्हेच. दोन मित्रांत व चार पुस्तकांत रमणारा विद्यार्थी पूर्ण सुखी असूं शकतो.

चिंताशीलतेची गोष्ट निराळी. मनोविकारांशीं या अंगाचा संबंध विशेष निकटचा असल्याचें वारंवार आढळून आलें आहे. तें ज्याच्या ठायीं प्रबळ, त्याला पहिल्या चाचणींत गुण कमी पडले कीं ‘आपण येथें येण्यास पात्रच नव्हतों’ असें वाटूं लागतें. तो रात्रीं जागतो. जागरणानें दुसऱ्या दिवशींचा पाठ डोक्यांत शिरत नाहीं. आणि पाठ न समजल्यानें चिंता दुणावते. अशा वेळीं कर्तव्यदक्षता साहाय्यास येते. अभ्यासाची व झोपेची वेळ ठरलेली असली, म्हणजे हें चक्र सैल पडण्यास मदत होते.

असा विद्यार्थी एकटा नसतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या उपक्रमांत आठ देशांतील १९ महाविद्यालयांमधल्या प्रथम वर्षाच्या सुमारें १४,००० विद्यार्थ्यांची पाहणी झाली. तिचे निष्कर्ष २०१८ सालीं प्रसिद्ध झाले. मागील वर्षभरांत एखाद्या तरी मनोविकाराचीं लक्षणें सुमारें ३१ टक्के विद्यार्थ्यांत दिसलीं. त्या देशांत भारत नव्हता. तथापि शेजारच्या हसऱ्या चेहऱ्यामागेंही ओझें असूं शकतें, हा बोध आपणांसही घेण्याजोगा आहे.

आतां म्हणीकडे वळूं. रॉबर्ट्स व त्यांचे सहकारी यांनीं २००६ सालीं ९२ दीर्घकालीन पाहण्या एकत्र तपासल्या. वयाबरोबर कर्तव्यदक्षता वाढते, चिंताशीलता ओसरते, आणि हा पालट तारुण्यांत विशेष होतो, असें त्यांना आढळलें. स्वभाव ही दगडावरची रेघ नव्हे !

परंतु दोन आठवडे मन सतत उदास राहिलें, झोप व भूक उडाली, आवडत्या गोष्टी नकोशा झाल्या, किंवा जगणेंच व्यर्थ वाटूं लागलें, तर ‘स्वभाव’ म्हणून तें सोसूं नये. तो आजार असूं शकतो, आणि आजाराला औषध आहे. वडील माणसाला सांगावें, डॉक्टरांकडे जावें. भारत सरकारनें २०२२ सालीं सुरू केलेल्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक रात्रंदिवस विनामूल्य आहे, व तेथें मराठींतही बोलतां येतें.

शाळेचा निरोप घेणाऱ्या बंधुभगिनींस आमची एकच विनंती आहे. ज्यांना मित्र लवकर मिळतील, त्यांनीं शेवटच्या बाकावरील सोबत्याला त्याचें नांव विचारावें. आणि त्या बाकावर बसणाऱ्यानें, खुशाल नसल्यास, ‘मी खुशाल नाहीं’ असें घरीं कळविण्याचें धैर्य करावें.