पवनचक्क्यांवरचे आक्षेप : खरे किती, खोटे किती?

'धूर नाही, राख नाही, इंधन फुकट.' पवनचक्कीवरच्या निबंधातली ही ठरलेली वाक्ये. सातारा-सांगली भागात मात्र वेगळेही ऐकू येते : 'पवनचक्क्या ढग पळवतात', 'वारा पडला की त्या नुसत्या उभ्या', 'डोंगराची वाट लागली'. हे आक्षेप आपण एकेक करून तपासू.

आधी ढगांचे पाहू. पवनचक्कीच्या पात्याचे टोक जमिनीपासून शे-दीडशे मीटर उंच जाते. पावसाळी ढगांची जाडी कित्येक किलोमीटर असू शकते. माण-खटावला पाऊस कमी पडतो, कारण वाऱ्यातले बरेचसे बाष्प सह्याद्री चढतानाच पावसाच्या रूपाने उतरते. शिवाय १९७२ चा दुष्काळ पडला तेव्हा या पठारांवर वीज निर्माण करणारी एकही पवनचक्की नव्हती. पात्यांमुळे जमिनीलगतची हवा घुसळली जाते, हे खरे. अमेरिकेत टेक्सासमध्ये पवनचक्क्यांखालची जमीन रात्री किंचित गरम राहते, असे उपग्रहांच्या नोंदींवरून २०१२ साली दिसले. पण एवढ्याने ढग पळत नाहीत. हा आक्षेप टिकत नाही.

दुसरा आक्षेप वाऱ्याच्या लहरीपणाचा. इथे थोडे गणित करू. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला, की दर सेकंदाला पात्यांपाशी येणारी हवा दुप्पट होते आणि तिच्या प्रत्येक किलोग्रॅमची गतिज ऊर्जा चौपट होते. म्हणजे मिळू शकणारी शक्ती आठपट! उलट वेग निम्मा झाला, की शक्ती एक-अष्टमांशच उरते. म्हणूनच १ मेगावॅटची पवनचक्की वर्षभर १ मेगावॅट देत नाही. सरासरी क्षमतेच्या २० टक्के वीज मिळाली असे धरले, तर वर्षाचे ८,७६० तास गुणिले ०.२ गुणिले १,००० किलोवॅट, म्हणजे सुमारे साडेसतरा लाख युनिट होतात. आपल्याकडे त्यातला मोठा वाटा जून ते सप्टेंबरमध्ये येतो. पंखे आणि शेतीपंप जोरात चालतात तो एप्रिल-मे कोरडा जातो. तेव्हा हा आक्षेप खरा आहे. मात्र त्याला उत्तर आहे. जलविद्युत केंद्राची जनित्रे काही मिनिटांत सुरू करता येतात. वारा असेल तेव्हा धरणातले पाणी राखावे, वारा पडला की ते वापरावे. एकट्या वाऱ्यावर राज्य चालणार नाही, जोडीदार लागतोच.

तिसरा आक्षेप सर्वांत कमी चर्चिला जातो. साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीचे पठार म्हणजे जांभ्या खडकाचा सडा. गळ्याखाली निळा-केशरी पंखा पसरवणारा एक सरडा इथे राहतो. २०१६ साली या जातीचे नामकरण झाले, तेव्हा तिच्या प्रजातीला आपला मराठी शब्दच देण्यात आला : 'सरडा'. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील मारिया ठाकर आणि सहकाऱ्यांनी इथे पवनचक्क्या असलेल्या व नसलेल्या जागांची तुलना केली. २०१८ साली प्रसिद्ध झालेले त्यांचे निष्कर्ष असे : पवनचक्क्यांच्या जागी शिकारी पक्षी जवळजवळ चौपट कमी होते. त्यामुळे सरड्यांची संख्या वाढली होती. त्यांच्या रक्तात ताणाचे संप्रेरक कमी होते, आणि माणूस अगदी जवळ आला तरी ते पळत नव्हते. पण दाटीमुळे त्यांची अंगकाठी खालावली होती आणि नरांचे रंग फिकटले होते.

सरडे वाढले, मग बिघडले काय? अन्नजाळ्याचा वरचा थर विरळ झाला, की खालच्या थरांचे वागणे आणि शरीरही बदलते, हे इथे दिसते. पवनचक्क्या जणू स्वतःच वरच्या थरातल्या शिकाऱ्याचे काम करत आहेत. तरीही २००६ च्या पर्यावरणीय आघात मूल्यमापनाच्या अधिसूचनेत पवनऊर्जा प्रकल्पांचा समावेश झाला नाही. सड्यावर झाडे दिसत नाहीत, म्हणून तो 'पडीक' समजला जातो.

थोडक्यात, एक आक्षेप चुकीचा, दुसरा सुटू शकणारा, आणि तिसरा गंभीर. कोळशाचा धूर आणि राख डोळ्यांपुढे ठेवली, तर पवनचक्क्या नकोत असे आम्ही म्हणणार नाही. पण त्या कुठे उभ्या कराव्यात, हे ठरवण्यापूर्वी तिथे आधीपासून कोण राहते याची मोजदाद व्हायला हवी. आपल्या गावाजवळ असा सडा असेल, तर पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात मुलांना घेऊन तिथल्या पक्ष्यांची व सरड्यांची नोंदवही सुरू करता येईल. पुढे तिथे पवनचक्की आलीच, तर तुलनेसाठी 'आधी'चे आकडे कुणाकडे तरी असतील.