अफूच्या डोंगरावरचा चहा

‘चहा’ हा आपला शब्द मूळचा चिनी. आपण मात्र तो दूध-साखर घालून, आलं किसून, उकळून इतका आपलासा केला आहे की त्याचं परकेपण आठवतही नाही. आज आपण अशा एका डोंगरी गावात जाणार आहोत, जिथं चिनी माणसं आणि चिनी चहा दोन्ही परक्या भूमीत रुजले. गावाचं नाव मे सालोंग. थायलंडच्या अगदी उत्तरेला, म्यानमारच्या सीमेलगत ते वसलेलं आहे.

चिआंग राई शहरापासून हे गाव सुमारे ७० किलोमीटरवर आहे. शेवटचा टप्पा सगळा वळणावळणांचा घाट. गावाची उंची साधारण १,२०० मीटर, म्हणजे आपल्या महाबळेश्वरपेक्षा थोडी कमी. पहाटे दरीत धुकं भरलेलं असतं. ते विरलं की उतारावर चहाच्या हिरव्या ओळी दिसू लागतात आणि दुकानांच्या पाट्यांवर थाई लिपीशेजारी चिनी अक्षरं.

हे चिनी लोक इथं आले कसे? १९४९ साली चीनमध्ये कम्युनिस्टांचा विजय झाला. चँग कै-शेक तैवानला गेले. पण युनान प्रांतातल्या त्यांच्या सैन्याच्या काही तुकड्या डोंगर ओलांडून ब्रह्मदेशात शिरल्या. पुढे १९५३-५४ मध्ये आणि पुन्हा १९६१ मध्ये त्यातल्या अनेकांना तैवानला नेण्यात आलं. जे मागे राहिले, त्यातला एक मोठा गट जनरल तुआन शी-वेन यांच्याबरोबर १९६० च्या दशकात मे सालोंगला येऊन राहिला. ना स्वतःचा देश, ना पगार. मग सैन्य पोसायचं कशावर? उत्तर सोपं होतं आणि भयंकरही होतं : अफू. थायलंड, ब्रह्मदेश आणि लाओस यांच्या सीमा मिळतात तो हा ‘सुवर्ण त्रिकोण’, आणि अफूच्या व्यापाराचा रस्ता याच डोंगरांतून जात होता.

थाई सरकारनं या सैनिकांना कम्युनिस्ट बंडखोरांविरुद्ध लढायला लावलं. त्या बदल्यात त्यांना इथं राहण्याची मुभा आणि पुढे नागरिकत्व मिळालं. बंदुका खाली ठेवल्यावर हातांना काम हवं होतं. गावाला नवं नाव मिळालं ‘संतिखिरी’, म्हणजे शांतीचा डोंगर. ‘शांति’ आणि ‘गिरी’ हे आपलेच शब्द त्यात लपले आहेत. तैवानहून ऊलाँग चहाची रोपं आली, ती लावण्याची आणि पानं तयार करण्याची विद्याही आली.

इथं एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. अफू हलकी असते, टिकते, आणि व्यापारी दारात येऊन ती घेऊन जातो. चहाला कारखाना लागतो, रस्ता लागतो, गिऱ्हाईक लागतं, आणि जमीन उद्याही आपल्याकडे राहील हा भरवसा लागतो. नुसती रोपं वाटून पीक बदलत नाही.

ऊलाँगचं कामही सबुरीचं. कोवळी पानं खुडून आधी उन्हात, मग सावलीत सुकवतात. ती अधूनमधून हलवतात, म्हणजे कडा जरा ठेचतात आणि रंग बदलू लागतो. हा बदल अर्ध्यावर असतानाच पानं तापवून तो थांबवतात. हिरवा चहा आणि आपला काळा चहा यांच्या मधला हा चहा. नंतर कापडात बांधून पुन्हा पुन्हा मळल्यावर पानांच्या घट्ट गोळ्या होतात. गरम पाण्यात त्या हळूहळू उलगडतात. त्याच पानांवर तीन-चार वेळा पाणी घालून पितात. दूध-साखर मागू नये!

जायचं तर नोव्हेंबर ते फेब्रुवारीत जावं. वर्ष सरताना तिथं रानचेरीला गुलाबी बहर येतो. सकाळच्या बाजारात अखा जमातीच्या बायका भाजी विकायला बसतात. चहाच्या मळ्यांतही या डोंगरी जमातींचे हात राबतात. थायलंडमधल्या अशा अनेक कुटुंबांना पिढ्यान्‌पिढ्या नागरिकत्वाचा कागद मिळाला नव्हता. २०२४ मध्ये तिथल्या मंत्रिमंडळानं दीर्घकाळ देशात राहणाऱ्या सुमारे ४ लाख ८४ हजार लोकांसाठी कायम वास्तव्याची आणि नागरिकत्वाची वाट सोपी करण्याचा निर्णय घेतला.

जनरल तुआन १९८० मध्ये वारले. गावावरच्या टेकडीवर त्यांची समाधी आहे. तिथून खाली पाहिलं की मळे दिसतात. सैनिकांना कागद मिळाला, तेव्हा तिथं चहा रुजला. पानं खुडणाऱ्या हातांनाही तो लवकर मिळो.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)